अप्पांचा दहावा

‘सात पायऱ्यांचं घर’ ही मालिका वृषालीच्या मनातून नेमकी कोणत्या दिवशी उतरली, हे तिला विचारलंत तर सांगता यायचं नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. मालिकेनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. एका संध्याकाळी साडेसातला ती नेहमीसारखी सोफ्यावर बसली, मधुरानं नेहमीसारखे सासऱ्यांच्या पायाशी बसून अश्रू ढाळले, आणि वृषालीच्या लक्षात आलं की आपण मघापासून टीव्हीच्या वरच्या भिंतीवरची पाल बघतोय. पाल जास्त बरी वाटत होती. झालं, एवढंच.

त्याला आता अडीच वर्षं होऊन गेली. अडीच वर्षं ही बाई रविवार सोडून रोज साडेसात ते आठ त्या पडद्यासमोर बसते. तुम्ही म्हणाल, आवडत नाही तर बंद करावी की, कुणी बांधून ठेवलंय का? तर होय, ठेवलंय. ओगलेवाडीच्या रत्नमाला थोरातांनी ठेवलंय, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

रत्नमालाबाई म्हणजे वृषालीच्या सासूबाई. म्हणजे होत्या. संग्रामशी तिचा घटस्फोट होऊन बारा वर्षं झाली. संग्राम दुसरं लग्न करून मस्कतला गेला, वृषाली नाशिकला येऊन डॉक्टर गोडांब्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लागली. कायद्यानं बघाल तर या दोघी आता एकमेकींच्या कुणीही नाहीत. पण घटस्फोटाचा कागद हातात पडला त्याच संध्याकाळी, आठच्या ठोक्याला, रत्नमालाबाईंचा फोन आला होता. वृषालीनं घाबरतच तो घेतला. आता ही बाई काय काय ऐकवणार!

“बघितलंस का आज?” रत्नमालाबाई म्हणाल्या. “त्या सुलेखानं मधुराचे दागिने लपवले बघ. काय बाई मेली!”

“बघितलं ना आई,” वृषाली म्हणाली. “पिठाच्या डब्यात.”

तेव्हापासून रोज आठ वाजता फोन. दहा मिनिटं, फार तर पंधरा. आणि बोलणं फक्त मालिकेचं. संग्रामचं नाव नाही, का गेलीस नाही, कशी आहेस तेसुद्धा नाही. ‘आई’ हा शब्द मात्र तसाच राहिला. तो काढून त्या जागी काय घालायचं हे दोघींनाही सुचलं नसावं.

त्या काळी मालिका सगळ्या महाराष्ट्राला एकच दिसायची. मग यंत्र आलं. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम असल्यामुळे वृषालीला त्या यंत्राचं मर्म इतरांच्या आधी कळलं. माणसाला एखादी गोष्ट मनापासून भावली किंवा मनापासून भीती वाटली की त्याच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते. ते आपल्या हातात नसतं. कितीही तोंड आवळून बसा, बाहुली चुगली करतेच. शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्याला गालाचा रंग किंचित बदलतो. तुम्हाआम्हाला ते दिसत नाही, टीव्हीच्या वरच्या कडेत बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसतं. बाहुली आणि गाल, या दोहोंवरून यंत्र प्रेक्षकाची एक रेषा काढतं. तिला लक्षरेषा म्हणतात. नटनट्यांनी आपले चेहरे आणि आवाज करारावर सही करून कधीच देऊन टाकलेले. प्रसंग यंत्रच रचतं, दोन-दोन मिनिटांचे, तुम्ही बघत असतानाच. रेषा चढली की तसलंच आणखी वाढायचं, रेषा पडली की दुसरं काहीतरी पुढ्यात आणायचं.

त्यातून एक भलताच घोळ झाला. घरोघर मालिका वेगळी झाली. हळदीकुंकवाला बायका जमल्या, तर एकीची मधुरा बाळंत झालेली, दुसरीची तुरुंगात, तिसरीची चक्क वकील! बोलायचं काय? अहो, निम्मी मालिका माणूस बघतो ती दुसऱ्या दिवशी कुणाशी तरी बोलायला. लोक पटापट गळायला लागले. तेव्हा कंपनीनं ‘सोबत’ काढली. दोन घरं एकमेकांना जोडून घ्यायची, की दोन्हीकडे भाग एकच. वृषाली आणि रत्नमालाबाई पहिल्याच आठवड्यात जोडल्या गेल्या.

आता घरं दोन म्हणजे रेषा दोन. त्यातलं ऐकायचं कुणाचं? यंत्र करणारे काही खुळे नव्हते. त्यांनी नियम घातला, जी रेषा खाली असेल तिचं ऐकायचं. जी रंगून बघतेय ती कुठे जात नाही. जी उठून जायच्या बेतात आहे तिला धरून ठेवायचं.

आणि अडीच वर्षं वृषालीची रेषा सपाट होती.

यंत्रानं आधी गोडीगुलाबीनं घेतलं. मधुराचं डोहाळजेवण महिनाभर चालवलं. रत्नमालाबाई सुखानं नुसत्या न्हाऊन निघाल्या, मधुरा बाळंत झाली तेव्हा त्यांनी डिंकाचे लाडू करून आळीत वाटले. वृषालीची रेषा तशीच. मग यंत्रानं घराला आग लावली. मग मधुराच्या भावाला गाडीखाली घातलं. मग थोरल्या जावेला वेड लागलं. रोज आठ वाजता ओगलेवाडीहून रडवेला आवाज यायचा, “काय चाललंय गं हे? कुणाची दृष्ट लागली त्या घराला?” आणि वृषाली म्हणायची, “होय ना आई. बघवत नाही.” तिला बघवत होतं. तिला काहीसुद्धा वाटत नव्हतं, आणि तिच्या या काही न वाटण्यावर ते घर जळत होतं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

ते कळलं अप्पांच्या वेळी. अप्पा म्हणजे मधुराचे सासरे, घरातलं कर्तं माणूस. बावीस वर्षं मालिकेत होते. रत्नमालाबाईंनी स्वतःच्या यजमानांबरोबर अठरा वर्षं काढली होती, म्हणजे हिशेबानं अप्पाच त्यांच्या जास्त सहवासातले. अप्पांचे गुडघे दुखायचे, यांचेही दुखायचे. अप्पा चहात गूळ घालायचे, तर यांनी साखर सोडली. त्या अप्पांना एका मंगळवारी देवघरात झटका आला आणि दवाखान्यात नळ्या लावून निजवलं.

“अप्पांना काही झालं ना वृषाली,” रत्नमालाबाई फोनवर म्हणाल्या, “तर मला नाही सोसायचं. रात्रीपासून छातीत कसंतरी होतंय. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन काय मी बाजारातून आणते?”

वृषालीनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे अर्थात माणूस नव्हतं, पण आवाज भारी गोड होता.

“नमस्कार वृषालीताई. आपली लक्षरेषा गेले नऊशे चार दिवस सपाट आहे. आपल्याला आनंद देण्यात आम्ही कमी पडलो, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.”

“ते राहू दे. अप्पांना का मारताय?”

“आपल्यासाठी आतापर्यंत एकतीस पर्याय वापरून झाले. उरलेल्यांत हा सर्वांत परिणामकारक आहे.”

“माझ्यासाठी?” वृषाली म्हणाली. “अहो, मला नकोय. माझ्या सासूबाईंचा जीव आहे त्यांच्यावर.”

“आपल्या सोबतीची लक्षरेषा उत्तम आहे,” आवाज म्हणाला. “त्यांची काळजी नसावी.”

म्हणजे म्हातारीचं काळीज धडधडतंय, ती रडतेय, तर यंत्राच्या लेखी ती मजेत! वृषालीनं फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटचा नंबर काढायला घेतला. तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. नुसतं एवढंच कळलं की काहीतरी करायला हवं.

सोबत सोडली की सुटलं असतं. एक बटण दाबायचं. पण मग आठ वाजता फोन कशावरून करायचा? बारा वर्षांत त्या दोघींनी बोलायला दुसरा विषय ठेवलाच नव्हता. मालिका काढून घेतली तर उरतं काय, एक घटस्फोटित बाई आणि तिच्या पूर्वीच्या नवऱ्याची आई. अशा नात्यात कोण कुणाला रोज फोन करतं? त्या आवाजाशिवाय आपल्याला रोज हाक मारणारं जगात दुसरं कुणी नाही, हे वृषाली जाणून होती. ते गमवायची तिची तयारी नव्हती.

तेव्हा तिनं जे केलं ते डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईलाच सुचावं. मागचा पडदा तपासायच्या आधी पेशंटच्या डोळ्यांत जे थेंब घालतात ना, बाहुल्या मोठ्या करायचे, त्यांची बाटली तिनं पर्समध्ये टाकली. मनाला काही वाटत नसेल तर नसू दे, बाहुली तर मोठी होईल! रेषा चढली की यंत्र समाधान पावेल आणि अप्पांना सोडेल. सात वाजता तिनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. राहता राहिले गाल. त्यासाठी साडेसातला पाच मिनिटं असताना ती इमारतीचे चार मजले जिन्यानं उतरली आणि तशीच धावत वर आली. शेजारच्या वैद्य काकू दार उघडून म्हणाल्या, “काय गं, लिफ्ट बंद आहे का?” ती उत्तर न देता आत पळाली आणि धापा टाकत सोफ्यावर बसली.

डोळ्यांपुढे सगळं धूसर. अप्पा म्हणजे पांढरा ठिपका, मधुरा म्हणजे हिरवा. दवाखान्यातला प्रसंग चालला होता एवढं आवाजावरून कळत होतं. वृषालीनं डोळे ताणून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत अर्धा तास काढला.

आता यात चूक कुठे झाली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या मात्र तीन दिवसांनी आलं. यंत्राला थेंब कुठे माहीत होते! त्याला एवढंच दिसलं की अडीच वर्षं ढिम्म बसलेली बाई एकाएकी मोहरून गेली, आणि ती मोहरली कधी, तर अप्पांच्या घशाला घरघर लागली तेव्हा. यंत्र बिचारं कामाला लागलं. या बाईला जे आवडतं ते पोटभर द्यायचं! अप्पांचं मरण पाच दिवस चाललं. सगळ्या नळ्या दाखवल्या, सगळे उसासे ऐकवले. पुढच्या मंगळवारी आठला तीन मिनिटं असताना त्यांनी मधुराचं नाव घेतलं आणि मान टाकली.

त्या दिवशी पहिल्यांदा आठ वाजता फोन आला नाही. सव्वाआठला वृषालीनंच केला.

“गेले गं,” रत्नमालाबाई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. दहा मिनिटं नुसतं रडणं ऐकू येत होतं. वृषाली ऐकत राहिली. आपण यांना केवढं दुःख दिलं, हे तिला कळत होतं, पण ते हातापायांपर्यंत पोचत नव्हतं.

पुढं रत्नमालाबाईंनी जे केलं त्याला कुणी हसेल तर हसो. त्यांनी अप्पांचा दहावा घातला. गच्चीवर जाऊन भाताचा पिंड केला, शेजारी भरलं वांगं आणि गुळाचा चहा ठेवला, आणि कावळ्याची वाट बघत बसल्या. हे सगळं त्यांनी त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं.

“कावळा शिवेना बघ. दोन कठड्यावर बसलेले, पण पुढं येईनात. मी म्हटलं, अप्पा, मधुराला सांभाळतील सगळे. तरी नाही. म्हटलं, सुलेखाला धडा शिकवतील. तरी नाही. अर्धा तास झाला, ऊन माथ्यावर आलं. मग मला सुचलं. म्हटलं, अप्पा, तुमचं घर आम्ही सोडणार नाही. मी आणि माझी वृषाली, दोघी शेवटपर्यंत बघू. तर लगेच उतरला आणि शिवला की!”

वृषालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेस ना?”

“ऐकतेय आई.”

“तुझ्या नावानं शब्द दिलाय मी. आता एकच कर बाई, देवापुढे दिवा लाव. मधुराचं बाळ आज फणफणलंय तापानं. त्या पोराला काही झालं तर मी जगायची नाही.”

वृषालीनं फोन ठेवला. बाळ आजारी पडलं होतं ते तिच्यासाठीच, हे सांगायला आता कुणा आवाजाची गरज नव्हती. यंत्राला आपण शिकवलं तसं ते वागत होतं. ती पडद्यासमोर उभी राहिली, ‘सोबत’ उघडली आणि ‘सोडा’ असं लिहिलेलं बटण दाबलं. ‘नक्की?’ असं दोनदा विचारलं गेलं. तिनं दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं. ती एक नातं तोडत होती, बहुधा शेवटचं, आणि तरी तिला काहीच वाटलं नाही. तिनं भाकरी भाजली आणि खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती टीव्ही न लावता बसली. अर्ध्या तासाचं काय करायचं ते कळेना म्हणून धुतलेले कपडे परत घडी घालत राहिली. आठ वाजता आपणहून फोन करायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. करून बोलणार काय? पण आठला फोन वाजला.

“वृषाली, अगं हे काय?” रत्नमालाबाईंच्या आवाजात आनंद नव्हता, चक्क धास्ती होती. “अप्पा आले! धडधाकट, दारात उभे. म्हणे दवाखान्यात माणसं बदलली होती, गेला तो दुसराच कुणी. बाळाचा तापही उतरला. सगळे हसतायत, मधुरा ओवाळतेय. ज्याचा दहावा झाला त्याला ओवाळतात का कधी? मला तर त्यांच्याकडे बघवेना. तुला काय वाटलं गं?”

हा प्रश्न बारा वर्षं रोज आला होता आणि उत्तर नेहमी तयार असायचं.

“मी नाही बघितलं आई.”

“का? लाइट गेली होती?”

“नाही. मी सोबत सोडली, काल. आता तुमचं यंत्र फक्त तुमचं ऐकतंय. तुम्हाला अप्पा हवे होते, म्हणून ते आले.”

आणि मग तिनं सगळं सांगितलं. सपाट रेषा, आग, भाऊ, थोरली जाऊ, थेंब, जिना, अप्पांचे पाच दिवस. एका सुरात, मध्ये न थांबता, पेशंटला नंबर सांगावा तसं. पलीकडे टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. मध्येच त्याही बंद झाल्या.

“कधीपासून आवडत नाही?” रत्नमालाबाईंनी विचारलं.

“अडीच वर्षं झाली.”

“आणि रोज मला सांगायचीस, आजचा भाग काय सुंदर झाला म्हणून.”

“हो.”

“खोटं?”

“हो.”

“कशाला गं बाई?”

“नाहीतर फोन कशावरून केला असता, आई?”

रत्नमालाबाई म्हणाल्या, “कावळ्याला शब्द दिला होता मी.”

“माहीत आहे.”

“हं.” त्यांनी नाक पुसल्याचा आवाज आला. “मग आता एक विचारते. बारा वर्षं विचारलं नाही. तू गेलीस ती माझ्यामुळे ना? त्या मंगळागौरीला तुझ्या आईच्या देखत मी तुला टाकून बोलले होते. चार बायका होत्या. मला कळत होतं जिभेला आवर घालावा, तरी बोलले. त्याचंच मनाला लावून घेतलंस ना?”

“नाही हो आई. मला तर ते आठवतही नाही.”

“मग संग्रामनं काही केलं? हात उचलला? बाहेर काही होतं त्याचं?”

“काही नाही. चांगला माणूस आहे तो. एक दिवस समोर बसून जेवत होता, आणि माझ्या लक्षात आलं की मला काही वाटतच नाही. परत वाटेल म्हणून वर्षभर थांबले. नाही वाटलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“असं कुणी जातं का?” रत्नमालाबाई म्हणाल्या. “काही कारण नाही, कुणाचा दोष नाही. आणि मी बारा वर्षं स्वतःला खात बसले.”

“सांगायला हवं होतं मी.”

“हवंच होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आधी संग्राम मनातून उतरला, मग मालिका. आणि माझं?”

वृषालीला भीती वाटली. खरीखुरी. कित्येक दिवसांत तिला काही वाटलं असेल तर ते हेच. गोड काहीतरी बोलून टाकावं असं ओठावर आलं होतं, पण अडीच वर्षं तेच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं.

“तुमचं तसं नाही झालं,” ती म्हणाली. “अजून.”

“अजून.”

“हो.”

“होईल का?”

“माहीत नाही, आई.”

पलीकडून श्वास ऐकू येत होता, जुन्या दम्याचा, मध्ये मध्ये शीळ घालणारा. वृषाली फोन कानाला लावून उभी होती. आता फोन ठेवला जाईल, असंच तिला वाटत होतं.

“बरं,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “तसं झालं की सांग मला. बारा वर्षं लावू नकोस.”

“सांगेन,” वृषाली म्हणाली.